शिलाई मशीन घेताना तुम्ही काय पाहिलं होतं?

पत्र थोडक्यात असं : नाशिकच्या सिडको भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या घरी ब्लाऊज शिवतात, मिस्टर अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर आहेत. मुलगा यंदा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला लागला. कॉलेज गंगापूर रोडला, जाणं-येणं सिटीलिंकच्या बसने. त्याला लॅपटॉप हवा आहे. बारा जणींच्या भिशीत ताईंचा नंबर चौथ्याच महिन्यात लागला आणि ४८ हजार हातात आले, ते त्यांनी यासाठी बाजूला ठेवलेत. एम. जी. रोडच्या दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. एक ४२ हजारांचा, पातळ, हलका, डब्यावर 'रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी' असं लिहिलेलं (ताईंनी नंबर उतरवून पाठवला आहे). दुसरा ७६ हजारांचा, 'गेमिंग'चा, आरटीएक्स ३०५० वाला. मुलगा शनिवारी कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए खेळतो. त्याचं म्हणणं, दुसराच घेऊ, वरचे २८ हजार 'नो कॉस्ट' हप्त्याने भरू. मिस्टर म्हणतात, गेमचा लॅपटॉप घरात आला की अभ्यास संपला. पुण्याचे दीर म्हणतात, काहीही घ्या पण आय-सेव्हन घ्या. शेजारी म्हणतात, जुना घ्या. ताई विचारतात, "मला यातलं काही कळत नाही. एकदाच घ्यायचा आहे, दहा वर्षं टिकला पाहिजे. मुलगा नाराज व्हायला नको आणि बिघडायलाही नको. कोणता घेऊ? की दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबू?"

ताई,

तुमच्या पत्रात "मला यातलं काही कळत नाही" हे वाक्य तीनदा आलं आहे. मला तेवढं एकच पटलं नाही. कारण त्याच पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात की पायमशीन देऊन मोटरचं मशीन घेतलं, तेव्हा दुकानात घरून चिंध्या घेऊन गेला होतात. अस्तराच्या ब्लाऊजला बगलेत जेवढे पदर येतात तेवढे एकावर एक ठेवून टीप मारून बघितलीत, मशीन आडवं करून खालचं शटल पाहिलंत, बॉबिन केस सिडकोत मिळते का ते विचारलंत आणि मग पैसे मोजलेत. दुकानदाराने कारखान्यात चालतं ते जड मशीनही दाखवलं होतं. तुम्ही ते घेतलं नाही, कारण दिवसाला चार-पाच ब्लाऊज शिवायला ते लागत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. यंत्र कसं घ्यावं हे तुम्हाला चांगलं कळतं. या यंत्राच्या भागांची नावं तेवढी वेगळी आहेत, ती आज समजून घेऊ.

सुरुवात कामापासून करा. मुलाला कागद-पेन देऊन बसवा आणि आठवड्यात या लॅपटॉपवर काय काय होणार ते लिहायला सांगा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सी, पायथन, डेटाबेस, थोडं वेबसाइटचं काम. यातल्या कशालाच दांडगं यंत्र लागत नाही. तिसऱ्या वर्षी एखादा अँड्रॉइड ॲपचा प्रोजेक्ट घेतला तर मात्र रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) जास्त लागते, १६ जीबी असलेली बरी. आणि त्या कागदावर तुमच्याही दोन ओळी असू द्या. गिऱ्हाइकांच्या मापांची वही, ऑर्डरी, कोणाकडे किती बाकी, कटिंगचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघणं. घरातल्या सगळ्यात मोठ्या रकमेची वस्तू येतेय आणि पत्रात तुम्ही स्वतःसाठी एक शब्द लिहिलेला नाही.

मग त्याला विचारा, गेम कोणते? 'गेमिंग' या एका शब्दावर सगळं घर भांडतंय, पण नावं कोणी विचारली नाहीत. तुम्ही दोन नावं लिहिलीत, म्हणून मला उत्तर देता येतंय. व्हॅलोरंट हा मुद्दाम साध्या कॉम्प्युटरवर चालावा असा बनवलेला खेळ आहे. २०१२ सालच्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सवरही (ग्राफिक्स म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) तो कसाबसा चालेल, असं त्याच्या बनवणाऱ्यांनीच किमान गरजेत लिहिलं आहे. जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर आला २०१५ मध्ये. त्याची २०२५ ची सुधारलेली आवृत्ती जड आहे, पण जुनी 'लेगसी' आवृत्ती आजच्या चांगल्या साध्या लॅपटॉपवर सेटिंग खाली आणून खेळता येते. माइनक्राफ्टचंही तसंच. काउंटर-स्ट्राइक २ चालतो, पण त्याला एकट्याला ८५ जीबी जागा लागते. आणि मित्र जो बीजीएमआय खेळतात तो फोनवरचा खेळ आहे, त्यासाठी लॅपटॉप घ्यायची गरजच नाही. दरवर्षी येणारे नवे, मोठ्या बजेटचे, सिनेमासारखे दिसणारे खेळ त्याच्या यादीत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय पानही हलत नाही.

आता ७६ हजारांच्या लॅपटॉपकडे बघू. त्यात वरचे २८ हजार मुख्यतः आरटीएक्स ३०५० या ग्राफिक्स कार्डाचे, त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्यांचे आणि वेगवान पडद्याचे आहेत. वस्तू वाईट नाही. मुलगा ॲनिमेशन किंवा थ्रीडी डिझाइन शिकत असता, किंवा रोज व्हिडिओ एडिटिंग करून चार पैसे मिळवणार असता, तर मीच म्हटलं असतं की ओढाताण करून घ्या. पण तुमचा मुलगा तो लॅपटॉप पाठीवर घेऊन सिटीलिंकच्या बसमध्ये उभा राहणार आहे. असे लॅपटॉप बहुधा सव्वादोन किलोच्या पुढे असतात, आणि त्यांचा चार्जर म्हणजे वेगळी वीट. बॅटरी लवकर उतरते. शिवाय वायर काढली की कार्ड स्वतःचा जोर कमी करतं, म्हणजे खेळायचं तर प्लगाजवळच बसायचं. नाशिकच्या थंड हवेचं आपल्याला कौतुक असलं तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि गच्चीखालच्या खोलीत तर विचारू नका. अशा दुपारी गादीवर ठेवून गेम खेळला की यंत्र तापतं, आणि तापलं की आपोआप मंदावतं. भिशीच्या पैशांवर पाच-सहा हजारच घालायचे असते तर मी मुलाच्या बाजूने बोलले असते. २८ हजारांसाठी नाही.

त्याचं नाराज होणं मात्र मनावर घ्या, ते खोटं नाही. मित्रांचे लॅपटॉप रंगीत दिवे लावून चमकतात, रात्री सगळे मिळून खेळतात, आपण बाहेर राहू असं अठराव्या वर्षी वाटतंच. म्हणून "गेम बंद" असं सांगू नका. "तू खेळतोस ते खेळ चालतील असाच लॅपटॉप आपण शोधू" असं सांगा, आणि खरोखर तसाच शोधा.

आता मला खरी काळजी वाटते ती ४२ हजारांच्या लॅपटॉपची. स्वस्तातला, हलका, वर 'रायझन ५' लिहिलेलं, म्हणजे समजूतदार निवड वाटते. पण त्या ७५२०यू नंबरचा तिसरा आकडा बघा. रायझन हा एएमडी कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. त्यांच्या ७००० च्या मालिकेत तो आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. ७५३०यू मधला ३ म्हणजे त्यानंतरची झेन ३. नावात दहाचाच फरक, पण ७५२०यू मध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत आणि ७५३०यू मध्ये सहा. चित्रं काढायचं काम करणारा ग्राफिक्सचा भाग ७५२०यू मध्ये फारच लहान आहे. त्यात अशी दोन युनिटं आहेत, ७५३०यू मध्ये सात. दोन्हींच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'रायझन ५' एवढंच. बाहेरून कापड एकसारखं दिसतं, पण एकात अस्तर आहे आणि दुसऱ्यात नाही, असा हा प्रकार.

दुसरं, या ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. ८ जीबी घेतली की शेवटपर्यंत ८ जीबीच. हे मी पोळून शिकले आहे. मी कितीतरी वर्षं एमएस-सीआयटीचा क्लास घेतला, लोकांना कॉम्प्युटरचे भाग शिकवले, आणि तरी भाचीसाठी लॅपटॉप घेताना चंदेरी रंग आणि पातळपणा बघून भुलले. दुकानदार म्हणाला, "रॅम काय, नंतर वाढवू." दीड वर्षाने वाढवायला गेलो, मागचं झाकण उघडलं, तर आत जागाच नव्हती. पोरगी अजून त्यावरच काम करते. ब्राउझरच्या चार खिडक्या आणि एक प्रोग्रॅम उघडला की हात बांधून बसते. चूक माझी होती, त्रास ती काढतेय. म्हणून हा लॅपटॉप घेऊ नका, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगते. ज्यांना फक्त अर्ज भरायचे, मेल बघायचे, मालिका बघायच्या आहेत त्यांना तो चालेल. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आणि थोडं खेळणाऱ्या मुलाला नाही.

दीरांच्या आय-सेव्हनचं, म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, काय? त्यांच्या वेळी ते खरं होतं. आता आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा फक्त एका पिढीतला क्रम उरला आहे. बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह सातव्या-आठव्या पिढीच्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. नंबराच्या शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपसाठीचा. एच म्हणजे जास्त जोराचा आणि जास्त तापणारा. यातही एक खोच आहे. आय-फाइव्ह १२४५०एच हा कोडिंगला दणकट, पण त्याच्यातला ग्राफिक्सचा भाग ४८ युनिटांचा. आय-फाइव्ह १२३५यू प्रोसेसर म्हणून थोडा सौम्य, पण त्याचा ग्राफिक्सचा भाग ८० युनिटांचा. (ही इंटेलची युनिटं, एएमडीच्या दोन-सात युनिटांशी त्यांची तुलना करू नका.) वेगळं कार्ड नसेल आणि गेमही खेळायचे असतील, तर कधी कधी हा यू वालाच उजवा ठरतो. एका अटीवर : रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. एकच पट्टी असेल तर विंडोजसुद्धा त्या ग्राफिक्सला 'आयरिस एक्सई' म्हणत नाही, साधं 'यूएचडी' म्हणतं, आणि खेळ अडखळतो.

ही दोन पट्ट्यांची गोष्ट नीट समजून घ्या, कारण कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच उसनी घेतो. एका पट्टीतून जाणारा रस्ता एका गाडीचा, दोन पट्ट्यांतून दोन गाड्यांचा. तेच यंत्र, तोच गेम, पण ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन बसवल्या की चित्र सुटसुटीत पळतं. पूर्वी मी सांगायचे, आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी पट्टी टाका. पण २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले आहेत, एआयच्या कारखान्यांसारख्या डेटा सेंटरांनी माल ओढून घेतल्यामुळे. त्यामुळे १६ जीबी आधीच असलेला मिळाला तर तो घ्या.

तर दुकानात ही चिठ्ठी घेऊन जा : रायझन ५ ७५३०यू किंवा आय-फाइव्ह १२३५यू, १३३५यू यातलं काही. रायझन ५ ७५३५एचएस तुमच्या पैशांत बसला तर त्याहून छान, त्याचं आतलं ग्राफिक्स जास्त नवं आहे. रॅम १६ जीबी, शक्यतो दोन पट्ट्यांत. ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा. (घरी गेल्यावर ती ४७६ दिसेल, फसवलं असं समजू नका. मोजायची पद्धत वेगळी, एवढंच.) पडदा फुल एचडी आणि आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न उडणारा. विंडोज ११ आधीच घातलेलं. भाव आठवड्याला बदलतात, म्हणून मी आकडा सांगत नाही. एम. जी. रोडची दोन दुकानं, कॅनडा कॉर्नर-कॉलेज रोडकडची एक-दोन फिरा, ऑनलाइनचा भाव फोनवर दाखवा. ४८ हजारांत यातला एखादा बसवता येतो का ते बघा. दोन-तीन हजारांसाठी अडलं तर पडद्याची चमक थोडी कमी चालेल, बॅकलाइट कीबोर्ड नसला तरी चालेल, रॅम कमी चालणार नाही.

आणि आता तुमची चिंधी. दुकानात डेमोचा लॅपटॉप चालू करायला सांगा आणि मुलाला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' वर गेलं की प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो, डब्यावरचं मोठं नाव नव्हे, खरा नंबर. 'मेमरी' वर गेलं की किती रॅम आहे, आणि 'स्लॉट्स यूज्ड' पुढे दोनपैकी किती जागा भरल्यात ते दिसतं. 'फॉर्म फॅक्टर' पुढे 'सोडिम' लिहिलं असेल तर पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर पक्की आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. मग झाकण एका हाताने उघडून-मिटून बघा, बिजागरी कुरकुरते का. पडदा बाजूने, वरून बघा, रंग उडतात का. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबा, पत्रा खाली वाकतो का. कापड हातात घेऊन चुरगाळून बघता ना, तसं.

दहा वर्षांबद्दल. मशीनला तेल दिलं की ते वीस वर्षं चालतं, कारण कापड बदलत नाही. इथे कापडच बदलतं. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना घेतच नाही. म्हणजे २०१६ साली कोणी मोठ्या हौसेने महागातला आय-सेव्हन घेतला असेल, तर यंत्र धडधाकट असूनही तो आज अडचणीत आहे. म्हणून पाच-सहा वर्षांचा हिशोब धरा : पदवीची तीन, पुढे एमएस्सी किंवा नोकरीची पहिली दोन. मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल, ती रक्कम मनात ठेवा. दहा वर्षांच्या आशेने जास्त पैसे घालणं इथे उपयोगी पडत नाही.

आता हप्ता. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. तुमचा नंबर चौथ्या महिन्यात लागला, म्हणजे ४८ हजारांपैकी १६ हजारच तुम्ही भरलेत. उरलेले आठ महिने चार-चार हजार भरायचेच आहेत. भिशीचा हा हप्ता आधीच चालू आहे, आणि तो खरा बिनव्याजी. त्यावर २८ हजारांचे बारा हप्ते लावले की महिन्याला आणखी २,३०० च्या वर. दोन्ही मिळून ६,३०० च्या पुढे, मिस्टरांची नोकरी कंत्राटाची, आणि शिवणकामाला पितृपक्षात आणि आषाढात हात रिकामे. 'नो कॉस्ट' मध्ये व्याज नसतं असंही नाही. बहुधा बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. उलट तुम्ही रोख देताय, तर "हप्त्यावाल्याला जी सूट देता ती मला किमतीत द्या" असं विचारा. विचारायला काही जात नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तुमच्यासाठी नाही. ज्या वाचकांच्या हातात वीस-पंचवीस हजारच आहेत त्यांनी तो जरूर ऐकावा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जे लॅपटॉप काढून टाकतात ते घडणीला मजबूत असतात, कोडिंगला उत्तम. फक्त आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नये. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चालेल, जीटीए रडतखडत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात, ते आधी तपासा. बॅटरी रिपोर्ट काढून मूळची क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा. बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी मिळत नसेल तर हात लावू नका. आणि ज्यांना लॅपटॉप घराबाहेर न्यायचाच नाही त्यांनी डेस्कटॉपचाही विचार करावा, त्याच पैशांत तो जास्त जोराचा येतो आणि दुरुस्तही सहज होतो. तुमच्या मुलाला कॉलेजच्या प्रॅक्टिकलला न्यायचा आहे, म्हणून तो पर्याय सोडला.

दिवाळीपर्यंत थांबू नका. दसरा-दिवाळीला सूट असते हे खरं, पण तोवर पहिलं सेमिस्टर संपत येईल, आणि प्रोग्रॅमिंग हातानेच शिकायची गोष्ट आहे. वहीत लिहून ते येत नाही. रॅमचे भाव चढे असताना नंतर स्वस्त मिळेल याचा भरवसाही धरता येत नाही.

राहिली मिस्टरांची भीती. ती मला क्षुल्लक वाटत नाही. पण त्यांना नेमकी कसली भीती आहे ते विचारा. रमीच्या ॲपवर पगार घालवलेला एखादा माणूस त्यांनी कंपनीत पाहिला असेल, तर तो प्रकार निराळा. पैसे लावून खेळायच्या तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. मुलगा खेळतो ते खेळ त्यातले नाहीत. मात्र व्हॅलोरंटमध्ये बंदुकांचे रंगीबेरंगी 'स्किन' विकत मिळतात, त्यांनी खेळात ताकद वाढत नाही, फक्त मिरवता येतं, आणि पैसे खरे जातात. म्हणून एक नियम पहिल्या दिवशीच : घरातल्या कोणाचंही कार्ड किंवा यूपीआय त्या खात्याला जोडायचं नाही. दुसरं, लॅपटॉपची जागा बाहेरच्या खोलीत, टेबलावर. तुमच्या मशीनशेजारी असेल तर फारच चांगलं. पहारा द्यायचा म्हणून नव्हे, हवा खेळती राहते आणि तुम्हालाही संध्याकाळी मापांची वही भरायला तो हाताशी येतो. खेळायची वेळ त्यालाच ठरवू द्या आणि मिस्टरांच्या समोर बोलून दाखवू द्या. अठरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या तोंडून सांगितलेली वेळ जास्त पाळतो, असं मी क्लासमधल्या पोरांत पुष्कळदा पाहिलं आहे. शिवाय कॅफेत तासावर जाणारे पैसे वाचतील. ते डब्यात साठवून पुढे बॅटरीसाठी ठेवा.

घेताना बॉक्स दुकानातच उघडा. बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या खालचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे का ते मुलाकडून वाचून घ्या. विंडोज ॲक्टिव्हेट झालंय का बघा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की बिघडलं की मुंबई-पुण्याला पाठवायचं, हे नीट विचारा. घरी येऊन दुरुस्त करून देणारी ऑनसाइट वॉरंटी असेल तर हजार-पाचशे जास्त देणं मला मान्य आहे. पुढे कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे तक्रार करायला पक्कं बिल लागतं. तेव्हा "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो" याला भुलू नका.

बिल करताना दुकानदार नाव विचारेल आणि मुलाकडे किंवा मिस्टरांकडे बघेल. पैसे भिशीचे आहेत, तुमचं नाव सांगा. मोबाइल नंबरही तुमचाच द्या, वॉरंटीचे निरोप त्यावरच येतात.